दशावताराचा एक हंगाम, मिररलेस कॅमेरा आणि पळणारा फोकस

त्रिपुरी पौर्णिमेनंतर जत्रा सुरू झाल्या तेव्हा हा कॅमेरा घेतला आणि मे संपताना हा अनुभव लिहितोय. मधल्या सात महिन्यांत सिंधुदुर्गातल्या कुडाळ आणि वेंगुर्ला तालुक्यांत दशावतार या रात्रभर चालणाऱ्या लोकनाट्याचे तीसेक प्रयोग चित्रित केले. एपीएस-सी म्हणजे मध्यम आकाराच्या सेन्सरचा मिररलेस आणि त्यावर ७०-२०० मिमी झूमची एफ/४ लेन्स (एफचा आकडा म्हणजे लेन्सचं छिद्र; आकडा मोठा तितकं छिद्र लहान). कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण मित्राच्या दुसऱ्या बनावटीच्या कॅमेऱ्यातही मी हेच सगळं पाहिलं. रंग सुंदर येतात, पहाटेपर्यंत तीन बॅटऱ्या पुरतात, शटर १/५० वर ठेवलं की दिव्यांची लुकलुक दिसत नाही. त्रास दिला तो फक्त ऑटोफोकसने, पण एवढा की पहिल्या महिन्यातले चार प्रयोग कुणाला दाखवण्यासारखे उरले नाहीत.

दुकानात चेहरा ओळखणारा फोकस दाखवला तेव्हा मी भारावून गेलो होतो. माणूस वळला, चालला, तरी डोळ्यावरचा चौकोन हलत नव्हता. पहिल्याच जत्रेत आडदशावताराला, म्हणजे मुख्य नाटकाआधीच्या पूर्वरंगाला, गणपती आला, दोन्ही बाजूंना ऋद्धी-सिद्धी. गणपतीला सोंडेचा मुखवटा. कॅमेऱ्याच्या लेखी तिथे चेहरे दोनच होते, ऋद्धीचा आणि सिद्धीचा. त्या नाचत पुढे-मागे होत होत्या आणि फोकस त्यांच्या मागे धावत होता. मधला गणपती कधी स्पष्ट, कधी धूसर. ज्याच्या स्तवनाने रात्र सुरू होते तोच धूसर!

मग संकासूर आला, पूर्वरंगातला विनोदी राक्षस. अंगभर काळा वेश, तोंडावर काळा मुखवटा, लाल जीभ, मागे गडद पडदा. फोकस ठरवायला कॅमेऱ्याला उजेड-काळोखाची ठळक सीमा लागते. काळ्यावर काळं असेल तर त्याला धरायला काही सापडत नाही आणि लेन्स जवळ-लांब, जवळ-लांब चाचपडत राहते. आम्ही याला हंटिंग म्हणतो. संकासुराच्या मालवणी बोलण्यावर मांडावर जमलेला अख्खा प्रेक्षकवर्ग हसत होता आणि माझ्या चित्रात तो फुगत होता, आक्रसत होता. शेवटी फोकस जाऊन बसला तो समोर टांगलेल्या माइकवर. आठवड्याने चित्रण पाहून संकासूर करणाऱ्या काकांनी एवढंच विचारलं, "झिला, माझो संकासूर खंय गेलो?" त्या प्रश्नानंतर मी खऱ्या अर्थाने कॅमेरा शिकायला बसलो.

आधी मेनूतली दोन सेटिंग बदलली: फोकस एकीकडून दुसरीकडे जाण्याचा वेग आणि धरलेली वस्तू सोडण्याची घाई. दोन्ही सर्वांत कमीवर आणली. पूर्ण चौकटीऐवजी मधला छोटा भाग निवडला. माइकचा त्रास बराच कमी झाला, कारण समोरून काही आडवं आलं तरी कॅमेरा आता लगेच तिकडे जात नव्हता. पण आख्यानातल्या, म्हणजे मुख्य नाटकातल्या, युद्धनृत्यात राजा गिरकी घेत पुढे आला की तोच संथपणा नडायचा. तो पुढे येऊन मागे गेलेला असायचा तेव्हा फोकस पुढे पोहोचायचा.

त्यात रंगीत एलईडी. राक्षस आला की ऑपरेटर सगळा मंच लाल करतो, स्वप्न किंवा साक्षात्कार असला की निळा. सेन्सरवर चार पिक्सेलांत लालाचा एक, निळ्याचाही एकच, म्हणून एकाच गडद रंगात कॅमेऱ्याला फारच थोडी माहिती मिळते. वर धुराचं यंत्र चालू केलं की संपलंच. प्रकाशवाल्या दादांना विनंती केली की रंग ठेवा, पण समोरून थोडा साधा पिवळसर उजेड राहू द्या. चार जणांपैकी तिघांनी ऐकलं आणि त्या तिन्ही रात्रींत फरक उघड दिसला.

खरा उपाय मिळाला तो बाकड्यापाशी. दशावतारात नेपथ्य म्हणजे एक बाकडं, तेच सिंहासन, तोच रथ, तोच डोंगर. नाटक त्याच्याभोवती फिरतं. माझा ट्रायपॉड साधारण १२ मीटरवर असतो. १०० मिमी आणि एफ/४ वर तिथे सुमारे सव्वादोन मीटर खोलीपर्यंत सगळं स्पष्ट राहतं, निम्मं बाकड्याच्या पुढे, निम्मं मागे. एफ/५.६ केलं तर सव्वातीन मीटर. त्यात कमी होणारा उजेड भरून काढायला आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, ३२०० वरून ६४०० करावा लागतो, चित्रात दाणे येतात. मी दाणे पत्करतो. संकलनात ते कमी करता येतात, गेलेला फोकस परत आणता येत नाही.

म्हणून आता प्रयोगाआधी कुणाला तरी बाकड्यावर बसवतो, चित्र मोठं करून पापण्यांवर फोकस लावतो आणि ऑटोफोकस बंद करतो. मागच्या एका बटणाला एकदाच फोकस करण्याचं काम दिलंय. नट बाकडं सोडून माइकपाशी आला की ते बटण दाबायचं, लागला की सोडायचं. संकासुरासाठी बटणही वापरत नाही, हाताने रिंग फिरवतो. ही रिंग इलेक्ट्रॉनिक आहे, हळू आणि जोरात फिरवल्यावर वेगवेगळं अंतर कापते, त्यामुळे टेपने खुणा करण्याचा माझा प्रयत्न फसला. तुमच्या कॅमेऱ्यात रिंगचा प्रतिसाद समान ठेवण्याची सोय असेल तर ती आधी चालू करा.

झूमबद्दल सावध करतो. फोटोसाठी बनवलेल्या बऱ्याच लेन्समध्ये झूम बदलला की फोकसही सरकतो. माझीही त्यातलीच. फोकस हाताने ठेवला असेल तर झूम केल्यावर तो पुन्हा तपासावाच लागतो. आणि २०० मिमीवर त्याच अंतरावरून एफ/४ ला जेमतेम अर्धा-पाऊण मीटरच स्पष्ट राहतं, म्हणून तिथे फक्त बसलेल्या नटासाठी जातो, विलापाच्या प्रसंगात वगैरे.

पूर्ण मंचासाठी शेजारी जुना कॅमकॉर्डर लावतो. सेन्सर इतका लहान की जवळजवळ सगळं स्पष्ट येतं. काळोखात त्याचं चित्र मळकट दिसतं खरं, पण माझा फोकस चुकलेल्या प्रत्येक जागी संकलनात त्यानेच सांभाळून घेतलंय. तो विकून नवीन कॅमेऱ्याच्या पैशात भर घालणार होतो. विकला नाही हे फार बरं झालं.

हा कॅमेरा पुन्हा घेईन का? घेईन. लग्न, मुलाखत, मैदान, सगळीकडे त्याचा फोकस अचूक चालतो. मंचावर मात्र तो सगळ्यात जवळचा, सगळ्यात उजळ चेहरा धरतो आणि दशावतारात त्या क्षणी बोलणारा अनेकदा मागे, पडद्याजवळ उभा असतो. संवाद लिहिलेले नसतात, पुढचं वाक्य कोण घेणार हे नटांच्या नजरेवरून आणि पेटीच्या सुरावरून ओळखावं लागतं. हंगामाच्या शेवटाकडे मला ते थोडं थोडं जमू लागलं.

एप्रिलमधल्या चित्रणात संकासूर सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्पष्ट आहे, जिभेच्या कापडाची शिवणही दिसते. पेन ड्राइव्ह काकांकडे पोचवलाय.