मूत्रपिंड घरातून की मेंदूमृत दात्याकडून?

इंदूरच्या मराठी घरांत मूत्रपिंड निकामी झाल्याचे निदान झाले, की डायलिसिसच्या फेऱ्यांबरोबरच हा प्रश्न उभा राहतो. जिवंत नातेवाइकाने मूत्रपिंड दिले तर शस्त्रक्रियेची तारीख ठरवता येते, प्रतीक्षा टळते आणि अवयवही सहसा अधिक काळ टिकतो. मात्र एका निरोगी माणसाला शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागते. भारतात अशा दात्यांमध्ये स्त्रियाच बहुसंख्य आहेत. ‘आई देईलच’ किंवा ‘वहिनी तयार आहेत’ हे वाक्य किती सहज उच्चारले जाते, हे खटकते. रक्तगट न जुळल्यास दोन कुटुंबांतील दात्यांची अदलाबदल अवयव प्रत्यारोपण कायद्यातील 2011च्या दुरुस्तीने कायदेशीर ठरली आहे.

मेंदूमृत, म्हणजे मेंदूचे काम कायमचे थांबलेल्या पण यंत्राच्या आधाराने श्वास सुरू असलेल्या दात्याच्या बाबतीत कोणाचे आरोग्य पणाला लागत नाही, शिवाय एकाच देहातून हृदय, यकृत, फुफ्फुसे आणि दोन मूत्रपिंडे मिळू शकतात. अडचण आहे ती संख्येची. 2023मध्ये देशात 18,000हून अधिक प्रत्यारोपणे झाली, पण मरणोत्तर दाते जेमतेम 1,100 होते; दर दहा लाख लोकसंख्येमागे एकही नाही, तर स्पेनमध्ये हेच प्रमाण पंचेचाळीसच्या वर आहे. इंदूरने 2015पासून ग्रीन कॉरिडॉर (अवयव नेणाऱ्या वाहनासाठी मोकळा केलेला रस्ता) करून रस्त्यावरचा वेळ वाचवला. खरा वेळ जातो तो अतिदक्षता विभागाबाहेर. मेंदूमृत्यूची खात्री करण्यासाठी डॉक्टरांचे मंडळ सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करते, आणि व्हेंटिलेटरवर छाती हलताना दिसत असताना नातेवाइकांना संमती द्यायची असते.

माझ्या मते, घरचा दाता वैद्यकीयदृष्ट्या योग्य आणि मनापासून राजी असेल, तर थांबू नये. नसेल, तर प्रतीक्षायादीत नाव आजच नोंदवावे.