थर्टी रॉक: सातव्या भागापासून पकड घेणारी मालिका

टीना फे १९९९ मध्ये ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या अमेरिकी विनोदी टीव्ही कार्यक्रमाची मुख्य लेखिका झाली आणि २००० पासून तिथेच बातम्यांच्या विडंबनात पडद्यावर दिसू लागली. त्याच अनुभवातून तिने ‘थर्टी रॉक’ ही विनोदी मालिका (२००६ ते २०१३, ७ सीझन, १३८ भाग) घडवली. निर्मिती तिची, मुख्य भूमिकाही तिचीच: विनोदी कार्यक्रमाची मुख्य लेखिका लिझ लेमन.

पहिले काही भाग चाचपडतात, तिथे मालिका सोडू नका. सातव्या भागात, ‘ट्रेसी डझ कॉनन’मध्ये, गाडी रुळावर येते. प्रेक्षकांच्या हशाचा आवाज इथे नाही, त्यामुळे एका विनोदावर हसेपर्यंत पुढचे दोन निसटतात. सबटायटल्स लावूनच बघा. त्या काळच्या अमेरिकी राजकारणावरचे टोमणे मात्र आता शिळे वाटतात. भागांचे क्रमांक मध्येच तुटले तर गोंधळू नका: गोऱ्या कलाकारांनी चेहऱ्याला काळा रंग फासून कृष्णवर्णीयांची सोंगं घेतलेले ४ भाग २०२० मध्ये फेच्याच विनंतीवरून काढले गेले. निर्णय योग्यच होता.

लेखन शिकणाऱ्यांनी दुसऱ्या सीझनचा शेवटचा भाग जरूर अभ्यासावा. २००८ चं लेखनाचं एमी (अमेरिकी टीव्हीचा मोठा पुरस्कार) त्यालाच मिळालं, आणि त्याच वर्षी अभिनयाचंही फेनेच पटकावलं!