कार्गो ट्रेलरचा कॅम्पर: एक हिवाळा, एक उन्हाळा काढल्यावर

आम्ही ओहायोत राहतो. गाडीमागे ओढायचा बंद मालवाहू ट्रेलर घेऊन त्याचा कॅम्पर, म्हणजे राहायची फिरती खोली, केला. ट्रेलर ७ बाय १४ फुटांचा, दोन ॲक्सलचा (चाकांचे आडवे दांडे), मागे दोन झडपांचं दार. पलंग, ओटा, वायरिंग सगळं घरीच केलं. फोटो बघून लोक विचारतात, लाकूड कुठलं? अहो, लाकूड उद्या उपटून टाकता येईल, सांगाडा नाही बदलता येत. म्हणून विक्रेत्याकडे मी आधी ट्रेलरखाली शिरलो, टेप घेऊन.

स्वस्त ट्रेलरात फरशीखालचे आडवे बार, भिंतीतले उभे बार, छताच्या कमानी बहुतेक एकमेकांपासून २४ इंचांवर असतात. मी तिन्ही १६ इंचांवर मागितले आणि मुख्य चौकट चौकोनी पाइपची. छतावरच्या पंख्याला १४ बाय १४ इंचांचं भोक लागतं. ते दोन कमानींमध्ये बसलं, एकही कमान कापावी लागली नाही. छताचा ॲल्युमिनियम पत्रा अखंड, बिनजोडाचा. वसंतातल्या धो धो पावसात थेंबभरही गळला नाही.

खरा खर्च ॲक्सलवर केला. एका ॲक्सलच्या कितीतरी ट्रेलरांच्या पाटीवर एकूण वजनाची मर्यादा २,९९० पौंड दिसते. ॲक्सल ३,५०० पौंडांचा असतो, पण बऱ्याच राज्यांत ३,००० पासून ब्रेक सक्तीचे, म्हणून आकडा त्याच्या आतच ठेवतात! त्यातून ट्रेलरचं स्वतःचं वजन वजा करा, मग प्लाय, फोम, बॅटरी. २० गॅलन पाणीच १६५ पौंडांवर जातं. उरलं काय? माझी मर्यादा ७,००० आहे, चारही चाकांना इलेक्ट्रिक ब्रेक. स्मोकी माउंटन्सचे उतार उतरताना बायको शेजारी निवांत झोपली होती, यात सगळं आलं. ओढणारी गाडी पेट्रोल मात्र सपाटून पिते.

मजबुतीची किंमत थंडीत कळते. गारठा धातूच्या बारांमधून आत येतो, म्हणून बार जितके जवळ, तितक्या जास्त जागांनी तो शिरतो. दोन बारांमध्ये फोम ठासला तरी सकाळी प्लायवर दर १६ इंचांवर दवाची उभी रेघ दिसायची. बारांवरूनच पातळ फोमचा सलग थर दिल्यावर त्या गेल्या, पण आतली रुंदी तेवढी घटली. उंचीचंही तेच, म्हणून ऑर्डर देतानाच ६ इंच जास्त मागा.

एकट्याला मासेमारीला जायचं असेल, तर ६ बाय १२ पुरे. फक्त सामान भरल्यावर ट्रक स्टॉपच्या काट्यावर तोलून घ्या, थोडक्या डॉलरांत काम होतं.