लाल रेघ, चमकणारी रेघ की चुंबक? छोट्या डेअरीसाठी जिवाणू तपासणीची पट्टी निवडताना

गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर म्हैस डोळ्यांदेखत पिळतात आणि गिऱ्हाईक धारोष्ण दुधाचा पेला उभ्या उभ्या रिकामा करतं. तेच दूध चक्का, पनीर, खवा होऊन डब्यात गेलं की गिऱ्हाइकापुढं म्हैस नसते, फक्त तुमचं नाव असतं. ते नाव जपण्यासाठी साल्मोनेलाची (अन्नातून विषबाधा करणाऱ्या जिवाणूची) झटपट तपासणी पट्टी घ्यायचा विचार चाललाय आणि 'साधी घेऊ की नॅनोवाली भारी घेऊ' यावर अडलंय, अशा कोल्हापूर भागातल्या डेअरीवाल्यांसाठी हे लिहितोय.

पहिली गोष्ट, साधी पट्टीसुद्धा नॅनोच असते. तिच्यातला लाल रंग म्हणजे 20 ते 40 नॅनोमीटरचे (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) सोन्याचे कण. इतकं बारीक सोनं हिरवा प्रकाश शोषतं, म्हणून पिवळं न दिसता लाल दिसतं. या कणांवर साल्मोनेलाला नेमकं ओळखून पकडणारं प्रथिन, म्हणजे अँटिबॉडी, बसवलेली असते. नमुना कागदातून सरकताना जिवाणू कणांसकट पुढं जातो, रेघेवरच्या दुसऱ्या अँटिबॉडीत अडकतो आणि रेघ उमटते. कोविडच्या किटमध्ये पाहिली तीच रीत. भारी पट्टीत सोन्याऐवजी क्वांटम डॉट नावाचे अतिसूक्ष्म कण किंवा युरोपियम या धातूचे कण असतात. ते अतिनील दिव्याखाली चमकतात आणि रीडर ती चमक मोजतो.

आता हिशेब मांडू, कारण निर्णय त्यावरच आहे. दुधाच्या पदार्थात 25 ग्रॅममध्ये साल्मोनेला एकही नसावा, असा एफएसएसएआयचा, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, निकष आहे. 25 ग्रॅम पनीर 225 मिली ब्रॉथमध्ये (जिवाणू वाढवणाऱ्या पोषक द्रावणात) कालवलं आणि त्यात एकच जिवाणू असला, तर पट्टीवर पडणाऱ्या 0.1 मिलीत तो येईल का? त्या सगळ्या ब्रॉथचे असे अडीच हजार वाटे होतात आणि जिवाणू असतो एका वाट्यात. जो थेंबात आलाच नाही, तो सोन्यालाही दिसत नाही आणि क्वांटम डॉटलाही नाही. म्हणून ब्रॉथ 37 अंशांवर ठेवून जिवाणू आधी वाढवावे लागतात. '15 मिनिटांत निकाल' ही फक्त पट्टीची वेळ आहे, तपासणीची नव्हे.

साध्या सोन्याच्या पट्टीला रेघ दाखवायला मिलीमागं साधारण एक लाख जिवाणू लागतात. एका जिवाणूपासून सगळ्या 250 मिलीत तेवढी दाटी व्हायला सुमारे 25 वेळा दुप्पट व्हावं लागतं. दर दुपटीला 20 ते 30 मिनिटं धरली तर आठ ते बारा तास. उष्णतेनं अर्धमेले झालेले जिवाणू सावरायला आणखी वेळ घेतात, तो वेगळा. चमकणारी पट्टी दहापट संवेदनशील असली तर किती दुपटी वाचतात? तीन-सव्वातीन. म्हणजे तास-दीड तास. शंभरपट असली तरी दोन-सव्वातीन तासच. संध्याकाळी लावलेला ब्रॉथ तुम्ही सकाळीच बघणार असाल, तर त्या दीड तासासाठी रीडरचा खर्च मला पटत नाही. सकाळी लावून त्याच दिवशी रात्री माल हलवायचा असेल, तर मात्र तेवढा वेळही मोलाचा ठरतो.

मला खरा पैसे घालण्यासारखा वाटतो तो चुंबक. अँटिबॉडी लावलेले लोहऑक्साइडचे कण नमुन्यात टाकायचे, ते जिवाणूला चिकटतात, बाहेरून चुंबक लावला की सगळे नळीच्या भिंतीला गोळा होतात. वरचं पाणी ओतून द्यायचं. 1 मिलीतला माल 0.1 मिलीत आला की दहापट दाटी तिथंच मिळाली. दुसरा फायदा आपल्याकडं जास्त मोठा आहे. म्हशीच्या दुधात सहा-सात टक्के फॅट, ते कागदाची छिद्रं बुजवतं. मी म्हशीचं दूध थेट पट्टीवर टाकून पाहिलं तेव्हा ते अर्ध्यावरच थांबलं आणि पट्टी नीट चालली हे सांगणारी कंट्रोलची रेघही उमटली नाही. चुंबकानं जिवाणू बाजूला काढून धुतले की हे फॅट मागं राहतं. हात बसायला मात्र आठवडाभर लागतो.

कार्बनच्या कणांची काळी रेघ स्वस्त आणि ठळक असते, मिळाली तर सोन्याइतकीच विचारात घ्या. प्लॅटिनम चढवलेल्या कणांची, रसायनानं रंग गडद करणारी पट्टी कच्च्या दुधासाठी मी टाळीन. तशीच क्रिया घडवणारं लॅक्टोपेरॉक्सिडेज हे एन्झाइम कच्च्या दुधात मुळातच असतं, त्यामुळं रंगावर भरवसा राहत नाही.

कुठलीही पट्टी घेतली तरी दोन गोष्टी तिच्या आवाक्याबाहेर राहतात. अँटिबॉडीला मेलेला जिवाणूही चालतो, त्यामुळं पाश्चरायझेशननंतरच्या मालावर नुसती रेघ पुरावा होत नाही. लॅबमध्ये कल्चर करून, म्हणजे जिवंत जिवाणू वाढवून बघून, खात्री करावी लागते. आणि खव्या-पेढ्यात स्टॅफिलोकॉकस या दुसऱ्या जिवाणूनं विष सोडलं असेल तर जिवाणू मेला तरी विष टिकतं, उकळूनही जात नाही. त्यासाठी विषाचीच वेगळी तपासणी हवी.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ब्रॉथमध्ये जिवाणू वाढवणं, म्हणजे एनरिचमेंट, याचा अर्थ आपण हातानं साल्मोनेला वाढवतोय. उत्पादनाच्या जागेपासून वेगळी बंद खोली, वेगळे कपडे आणि दाबाच्या वाफेनं जंतू मारणारा 121 अंशांचा ऑटोक्लेव्ह नसेल, तर कुठलीच पट्टी घेऊ नका. नमुने एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेच्या लॅबला द्या. खोली असेल तर माझी निवड साधी सोन्याची पट्टी, रात्रभराचा ब्रॉथ आणि परवडला तर चुंबक. रात्रभरात जिवाणू फारच वाढले तर रेघ उलट फिकी पडू शकते, म्हणून ब्रॉथ दहापट पातळ करून दुसरी पट्टी लावा. आणि आपल्याकडचा पावसाळा लक्षात ठेवून पाकीट वापरायच्या क्षणीच फोडा, दमट हवेत उघडी राहिलेली पट्टी तासाभरात भरवशाची राहत नाही.