सरावासाठी हायड्रोजेलचे मूत्रपिंड: वापरानंतरचा अभिप्राय

मूत्रपिंडातील गाठ काढून उरलेले मूत्रपिंड वाचवायचे असेल, तर शल्यचिकित्सकाच्या हाती वेळ फार थोडा असतो. मुख्य धमनीला क्लॅम्प (रक्तप्रवाह थांबवणारा चिमटा) लावायचा, गाठ कापून काढायची, उघडी पडलेली जागा टाके घालून बंद करायची आणि हे सारे शक्यतो 25 ते 30 मिनिटांत उरकून रक्तपुरवठा पूर्ववत करायचा; त्याहून उशीर होत गेला, की मूत्रपिंडाला कायमची इजा होण्याचा धोका वाढत जातो. अशा कामात हात बसेपर्यंतचा सराव रुग्णाच्या शरीराबाहेरच व्हायला हवा. म्हणून आमच्या विभागाने रुग्णाच्या सीटी स्कॅनवरून हायड्रोजेलचे, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या मऊ जेलचे, मूत्रपिंड बनवून देणाऱ्या एका सेवेकडून काही प्रतिरूपे मागवली.

आजवर आमचे निवासी डॉक्टर म्हापशाच्या बाजारातून डुकराचे मूत्रपिंड आणून सराव करीत. गोव्यात ते सहज मिळते आणि त्याची आतील रचना बकऱ्याच्या मूत्रपिंडापेक्षा माणसाच्या मूत्रपिंडाशी अधिक जुळते. मात्र त्यात गाठ नसते, आणि पुढच्या आठवड्यात ज्यांची शस्त्रक्रिया आहे त्या रुग्णाची गाठ तर नसतेच नसते. नेमकी ही उणीव या प्रतिरूपाने भरून काढली आहे.

बनवण्याची पद्धत समजून घेतली, तर त्याचे गुणदोषही कळतात. स्कॅनमधील मूत्रपिंड, गाठ, रक्तवाहिन्या आणि मूत्र गोळा करणाऱ्या नलिका संगणकावर वेगवेगळ्या आखल्या जातात, त्यावरून त्रिमित छपाईने साचे तयार होतात आणि साच्यात पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचे द्रावण ओतून ते गोठवले व वितळवले जाते. ही आवर्तने जितकी अधिक, तितका पदार्थ घट्ट होतो. त्यामुळे गाठ कठीण आणि भोवतीची ऊती मऊ ठेवता येते. अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठात अहमद गाझी यांच्या गटाने सरावासाठी याच पदार्थाची मूत्रपिंडे विकसित केली होती. कार्नेगी मेलन विद्यापीठातील अ‍ॅडम फाइनबर्ग यांच्या गटाने 2020 मध्ये वेगळ्या वाटेने, जिलेटिनच्या आधारात अल्जिनेट (समुद्री शैवालापासून मिळणारा जेलसारखा पदार्थ) छापून, प्रौढ माणसाच्या हृदयाएवढे मऊ हृदय तयार केले. छपाईनंतर सुमारे 37 अंश तापमानाला ते जिलेटिन वितळते आणि मागे केवळ अवयव उरतो.

आमच्याकडे आलेल्या प्रतिरूपाचा सर्वांत मोठा गुण टाका घालताना कळतो. सुई आत शिरताना बाहेरच्या आवरणाशी थोडी अडते आणि मग सहज पुढे जाते. धागा ओढून त्यावरची क्लिप सरकवत आणली, की कापलेल्या कडा जवळ येतात; ओढ जरा जास्त झाली, तर धागा ऊतीत रुतून ती चिरतो. शरीरातही हेच घडते, आणि किती ओढावे हे बोटांना कळणे हाच या सरावाचा गाभा आहे. पूर्वी आम्ही वापरलेली जिलेटिनची प्रतिरूपे पहिल्याच टाक्याला खरवसासारखी तुटत. दुसरी चांगली सोय म्हणजे नलिकांमध्ये भरलेले निळे पाणी. कापताना नलिका उघडली गेली असेल तर ते लगेच दिसते, आणि टाके पूर्ण झाल्यावर पाणी दाबाने सोडले की गळती नेमकी कोठे राहिली तेही कळते. गाठ वेगळ्या रंगाची असल्यामुळे ती पूर्ण निघाली की कडेला अंश राहिला, यावर वाद उरत नाही.

उणिवाही गंभीर आहेत. मूत्रपिंडाभोवतीची चरबी यात नाही, आणि प्रत्यक्ष शस्त्रक्रियेत ती चरबी सोडवून गाठीपर्यंत पोहोचण्यातच बराच वेळ जातो. धमनीची भिंत फार जाड आहे, त्यामुळे क्लॅम्प बसल्याचा अंदाज खरा वाटत नाही. एका प्रतिरूपात रुग्णाची जादा धमनी आलीच नव्हती. चौकशीअंती दिसले, की पाठवलेल्या स्कॅनचे छेद (स्कॅन ज्या आडव्या थरांत घेतला जातो ते) जाड होते आणि बारीक वाहिनी त्यांत हरवली होती. चारांपैकी सुमारे एका माणसाला अशी जादा धमनी असते, म्हणून सुमारे एक मिलिमीटर जाडीचे छेद मागून घ्यावेत आणि आखणी रेडिओलॉजिस्टकडून तपासून मगच छपाईला संमती द्यावी. सेवा देणाऱ्यांनी मात्र असे जाड छेद आल्यावर स्वतःहून हरकत घ्यायला हवी होती.

जाहिरातीत याला जैवमुद्रित अवयव म्हटले आहे, ते मला पटत नाही. यात एकही जिवंत पेशी नाही. तेल अवीव विद्यापीठाने 2019 मध्ये मानवी पेशींपासून छापलेले हृदय अगदी लहान होते. जिवंत ऊतींचे ते संशोधन वेगळ्या ध्येयाने चालते. सरावाला पेशी लागत नाहीत, तेव्हा खरे तेच सांगून विकल्याने या उत्पादनाचे काहीच कमी होणार नाही.

किंमत पहिल्या प्रतिरूपाला जड वाटते, पण साचा राखून ठेवण्यास सांगितले तर त्याच रुग्णाची पुढची प्रत बरीच स्वस्तात मिळते. निदान दोन प्रती एकदम मागवाव्यात, एक निवासी डॉक्टरांसाठी आणि एक शस्त्रक्रिया करणाऱ्या चमूसाठी. पार्सल घाटातून येते, तेव्हा पिशवी फुटून पाणी गळलेले नाही हे घेतानाच पाहावे. प्रतिरूप पाण्यासह बंद पिशवीत, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावे. फ्रीझरमध्ये ते चुकूनही ठेवू नये, कारण पुन्हा गोठले की ते अधिक घट्ट होते आणि टाक्यांचा सराव निरुपयोगी ठरतो.