स्टीफन किंग: आधी वाचावा की आधी पाहावा?

भयकथांसाठी गाजलेल्या स्टीफन किंगची साठाहून जास्त पुस्तकं आणि त्यांवरचे ढीगभर सिनेमे समोर असताना 'पुस्तकच भारी' म्हणून मोकळं होता येत नाही. माझा ठोकताळा असा: मूळ गोष्ट जितकी आटोपशीर, तितका सिनेमा भरवशाचा. जाडजूड कादंबरी मात्र आधी वाचावी.

'द शायनिंग'मध्ये दोन्ही बाजू तुल्यबळ आहेत. कादंबरी (१९७७) दारू सोडलेल्या बापाची. संतापाच्या भरात त्याने एकदा मुलाचा हात मोडलाय, आणि हिवाळ्यात बंद असलेलं डोंगरातलं हॉटेल सांभाळणं ही त्याची शेवटची संधी. तो ढासळत जातो, तरी हा सावरेल असं आपल्याला वाटतच राहतं. कुब्रिकच्या सिनेमात (१९८०) बापाच्या भूमिकेतला जॅक निकल्सन पहिल्या मुलाखतीपासूनच बिनसलेला दिसतो. किंगची तक्रार हीच होती, आणि मला ती पटते. पण पोराची ती तीनचाकी! लाकडी जमिनीवर घरघर, गालिच्यावर आली की गप्प, पुन्हा घरघर. हे कागदावर येत नाही. म्हणून आधी वाचा, मग पाहा; उलट केलंत तर वाचताना निकल्सन डोळ्यांपुढून हटणार नाही. १९९७ची मालिका खुद्द किंगने लिहिली. मुळाला धरून आहे, पण भीती पातळ. सोडून द्या.

(पुस्तकातली भुताटकीची खोली २१७, सिनेमातली २३७. बाहेरून दिसणारी इमारत ओरेगॉनमधल्या टिंबरलाइन लॉजची, आणि तिथे २१७ नंबरची खोली होती. ती पुढे कुणी घेणारच नाही, ही लॉजवाल्यांना धास्ती!)

'इट' (१९८६) हजार पानांच्या पुढे जाते. त्यात मुलांचा काळ आणि मोठेपणाचा काळ एकमेकांत विणलेत. २०१७ आणि २०१९च्या सिनेमांनी ते उसवून वेगळे केले. पहिला भाग मस्त, दुसरा रेंगाळतो. नारायण धारपांची 'शपथ' ही कादंबरी वाचली असेल तर सांगाडा ओळखीचा वाटेल. एवढी पानं झेपणार नसतील तर पहिला सिनेमा बघा आणि थांबा.

'मिझरी'ला (१९८७) मात्र मी आधी सिनेमाच सुचवेन. एक खोली, जायबंदी लेखक आणि त्याला डांबून ठेवणारी त्याची 'भक्त' वाचक. कॅथी बेट्सला १९९०च्या या सिनेमासाठी ऑस्कर मिळालं, ते उगाच नाही. पुस्तकाची गंमत वेगळी: लेखकाला दिलेल्या टाइपरायटरचं 'एन' तुटलेलं असतं, ती अक्षरं हाताने भरावी लागतात, आणि त्याच्या हस्तलिखिताची पानं आपल्यालाही तशीच वाचायला मिळतात. हिंसा मात्र पुस्तकात जास्त. सिनेमात हातोडा आहे, पुस्तकात कुऱ्हाड.

भुताखेतांचं वावडं असेल तर 'द शॉशँक रिडेम्प्शन' बेधडक लावा. किंगच्याच लघुकादंबरीवर आहे, आणि त्यात भूत औषधालाही नाही.

'द मिस्ट' एक-दोन बैठकींत वाचून होते. धुक्यात वेढलेलं सुपरमार्केट, आत अडकलेली माणसं, त्यांत एक बाप आणि त्याचा लहानगा. किंग शेवट मोकळा सोडतो. दिग्दर्शक डॅराबाँटने २००७मध्ये तो बदलला, आणि किंगलाही तो आवडला. सिनेमा म्हणून जबरदस्तच, पण घरात लहान मूल असेल तर पुस्तकावरच थांबलेलं बरं.