मोडी कागदांतले ‘सु॥’ आणि ‘मौ॥’: तसेच टंकायचे की उलगडून?

मोडी दफ्तराचं देवनागरीत लिप्यंतर करून ते संगणकावर साठवायचं ठरलं की पहिला वाद संक्षेपांवरून होतो. लेखनिकाने लिहिलंय ‘मौ॥’. आपण ‘मौ॥’ टंकायचं की ‘मौजे’? हे काम सुरू होण्याआधीच ठरवावं. निम्मे रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) एका रीतीने आणि उरलेले दुसऱ्या रीतीने झाले, तर पुढे सगळे कागद परत वाचण्यावाचून गत्यंतर नसतं.

तुलनेसाठी पेशवाईतल्या हिशेबी कागदात शोभेल अशी एक ओळ रचून घेऊ:

छ ५ रजब सु॥ सलास सबैन मया व अलफ मौ॥ मा।र प्रा॥ पुणे रु॥ १२॥

म्हणजे रजब महिन्याचा पाचवा चंद्र, सुहूर या जुन्या कालगणनेचा सन ११७३ (इ.स. १७७२-७३), मौजे मजकूर (म्हणजे वर उल्लेखलेलं गाव), प्रांत पुणे, रुपये साडेबारा.

पहिला मार्ग म्हणजे दिसतं तसं उतरवणं. यात वेळ कमी लागतो, आणि टंकणाऱ्याला अर्थ लागला नाही तरी काम अडत नाही. ट्रान्स्क्रिबससारख्या संगणक प्रणालीला हस्ताक्षर वाचायला शिकवायचं असेल, तर माझ्या मते हाच मार्ग बरा. कागदावर ‘मौ॥’ आणि मजकुरात ‘मौजे’ असं दिलंत, तर यंत्र कागदावर नसलेली अक्षरं ‘वाचायला’ शिकतं.

पण एक खोच आहे. वरच्या ओळीतलं शेवटचं ॥ नीट पाहा. ते संक्षेपाचं नाही, ते अर्ध्या रुपयाचं आहे. हिशेबात । म्हणजे पाव, ॥ म्हणजे अर्धा, ॥। म्हणजे पाऊण. शिवाय माथ्यावर ॥ श्री ॥ असतोच. इतिहासाच्या छापील साधनांत हे सगळं छापखान्याच्या एकाच खिळ्यावर भागलं, कारण वाचणाऱ्याला संदर्भ कळत होता. शोधयंत्राला तो कळत नाही. युनिकोडमध्ये यावर तोडगा आहे, फक्त तो वापरणारे थोडे. २०१४ साली आवृत्ती ७.० मध्ये मोडी लिपी आली, तेव्हा तिच्यासोबत मोडीचं स्वतंत्र संक्षेपचिन्हही आलं. पाव-अर्धा-पाऊणची चिन्हं त्याआधीच, २००९ च्या ५.२ आवृत्तीत, आली होती. देवनागरीत टंकणाऱ्यांसाठी लाघवचिन्ह (॰) आहेच. ‘मौ॰’ आणि ‘१२॥’ एवढा भेद पाळला तरी पुढचा मोठा घोळ टळतो. जुन्या छापील रूपाची सवय असलेल्यांना ‘सु॰’ डोळ्यांना खटकेल. खटकू द्या.

दुसरा मार्ग उलगडून लिहिण्याचा. वाचकाला सोयीचा, आणि ‘मौजे’ शोधलं की ‘मौजे’ सापडतं. पण गुपचूप उलगडू नका. ‘रा।’ माणसाच्या नावाआधी असेल तर बहुधा राजश्री, गावाच्या नावाआधी असेल तर राहणार. मधे कागद फाटलेला असेल तर? ‘राजश्री’ लिहायचं की ‘राजेश्री’, कारण जुन्या कागदांत दोन्ही येतात? ‘सु॥’ म्हणजे सुहूर, पण त्याच कालगणनेला सुरू सन असंही म्हणत. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो, तेव्हा उलगडताना आपण आजचं शुद्धलेखन अठराव्या शतकातल्या कारकुनाच्या तोंडी घालतो. उलगडा हा आपला निर्णय आहे, आणि तो आपला असल्याचं दिसलं पाहिजे.

मग कंस आलेच: ‘सु(हूर)’, ‘मौ(जे)’. इथे गोल कंसच घ्या. १९३१ पासून शिलालेख-पपायरसांच्या संपादनात रूढ असलेल्या लायडन संकेतांत गोल कंस संक्षेपाच्या उलगड्याला आणि चौकोनी कंस नष्ट झालेल्या मजकुराच्या पूर्तीला राखून ठेवलेत. आपल्याकडे दोन्हींना सर्रास चौकोनी कंस लावतात, आणि मग कारकुनाने काय गाळलं नि वाळवीने काय खाल्लं हे कळायला मार्ग उरत नाही.

देवनागरीची आणखी एक अडचण आहे, जी रोमन लिपीवाल्यांना सहसा येत नाही. ‘प्रांत’ कंसात कसा उलगडणार? प्रा(ंत) असं टंकलंत की अनुस्वाराला बसायला अक्षरच नसतं, आणि बहुतेक फाँटांत ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं. ‘छ’ची गत याहून न्यारी. तो चंद्राचा संक्षेप मानतात, पण ‘चंद्र’मध्ये ‘छ’ आहेच कुठे? त्याला पुढे अक्षरं जोडून काहीच साधत नाही.

तिसरा मार्ग टीईआय या मजकूर-संपादनाच्या संकेतांचा, म्हणजे एक्सएमएलमध्ये (मजकुराला खुणा लावायच्या संगणकी पद्धतीत) दोन्ही रूपं ठेवण्याचा. त्यातही दोन रीती आहेत. एकीत शब्दाच्या आत, गाळलेली अक्षरं तेवढी ‘ईएक्स’ या खुणेत जातात. हा कंसांचाच सुधारलेला अवतार, आणि ‘प्रांत’पाशी तोही तसाच अडखळतो. दुसरीत ‘चॉइस’ या खुणेखाली ‘अ‍ॅब्र’मध्ये ‘प्रा॰’ आणि ‘एक्स्पान’मध्ये ‘प्रांत’ असे दोन पूर्ण शब्द शेजारी राहतात. टंकन वाढतं, पण मराठीसाठी मी डोळे मिटून ही दुसरी सुचवेन. ‘छ’ आणि ‘चंद्र’ही त्यात बिनबोभाट बसतात, आणि शंकास्पद उलगड्यावर खात्री किती तेही नोंदवता येतं.

घरच्या वतनाचे पाच-पन्नास कागद असतील तर एक्सएमएलच्या वाटेला जाऊ नका. गोल कंस वापरा, आणि ‘प्रांत’सारख्या ठिकाणी मूळ रूपापुढे पूर्ण शब्द लिहा: प्रा॰ (प्रांत). गावच्या इतिहासाचं पुस्तक काढणाऱ्याने उलगडून छापावं, मागे संक्षेपांची यादी द्यावी आणि मूळ प्रत जपून ठेवावी. इतिहास संशोधन मंडळ, विद्यापीठ किंवा तंजावरच्या मोडी कागदांसारखा मोठा संग्रह हाताळणाऱ्यांनी मात्र ‘चॉइस’च घ्यावा. मनुष्यबळ नसेल तर साध्या एक्सेलमध्ये ओळ क्रमांक, मूळ रूप, उलगडा आणि शंका असे चार रकाने करा. मूळ मजकुराला हात न लावता हे रकाने भरत गेलात, तर त्यातून पुढे एक्सएमएल काढायला बऱ्यापैकी प्रोग्रॅमरला फार वेळ लागत नाही. मुकाट्याने उलगडलेल्या मजकुरातून मूळ ‘मौ॥’ परत काढायचा, तर पुन्हा रुमालच सोडावा लागतो.